आधी एकांतात, मग दोघा-तिघांत

यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत तेढ उघडी पडली ती जेवणावरून. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला की पहिल्याच ओळीत ती कुरकुर ऐकू येते. मंडळी वाढत होती, विधवांना रोज अन्न वाटलं जात होतं, आणि ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांच्या विधवा त्या वाटपात राहून जात होत्या. या पुस्तकाचा लेखक लूक याने या कुरकुरीसाठी वापरलेला ग्रीक शब्द आहे 'गोंगुस्मॉस', उच्चारतानाही पुटपुटल्यासारखा वाटणारा. मोशेमागून रानात चाललेले लोक जी कुरकुर करत, तिच्यासाठी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे, आणि तिथे त्या कुरकुरीमागून बहुतेक वेळा शिक्षा येते. यरुशलेमेत मात्र कुरकुर खरी मानली गेली.

पुढचा क्रम सावकाश बघण्यासारखा आहे. बारा प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावलं. तक्रार करणाऱ्यांना बाजूला घेऊन गप्प केलं नाही, की चूक कोणाची याची चौकशीही लावली नाही. वचनाची सेवा सोडून पंगती वाढत बसणं आम्हाला बरं नव्हे, अशी स्वतःची मर्यादा त्यांनी सांगून टाकली. मग माणसं किती हवीत ते ठरवलं, सात. कशी हवीत तेही ठरवलं: लोकांत ज्यांचं नाव चांगलं आहे, जी आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली आहेत. निवड मात्र मंडळीवर सोपवली. मंडळीने निवडलेल्यांना पुढे आणलं, प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तिमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक. त्या काळी इब्री बोलणाऱ्यांतही ग्रीक नावं असत, खुद्द बारांमध्ये अंद्रिया आणि वेगळा एक फिलिप्प होते, त्यामुळे नुसत्या नावांवरून सगळं सिद्ध होत नाही. पण सातच्या सात ग्रीक नावं योगायोगाने येत नाहीत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटपाची व्यवस्था गेली, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात आणि मलाही तोच पटतो.

आज नेमकं याच ठिकाणी गाडं अडतं. तक्रार आली की कमिटी नेमली जाते आणि तिच्यात तेच तिघे-चौघे बसतात ज्यांच्या नजरेतून ती गोष्ट आधी सुटली होती. ती कमिटी प्रामाणिक असली तरी तिला दिसत नाही, कारण तिला पूर्वीही दिसलं नव्हतं. दुसरी चूक अशी की कुरकुरीतलं मोठं वाक्य धरून चर्चा सुरू होते. 'आम्हाला इथे कोणी विचारत नाही' या वाक्यावर दोन तास बोललं तरी हाती काही लागत नाही. त्या वाक्याच्या पोटात मोजता येईल अशी एखादी गोष्ट असते, ती शोधून काढायची. कोणाला काय मिळालं नाही? कधीपासून? यादी कोण ठेवतं, आणि यादीत नाव घालायला कोणाला सांगावं लागतं? प्रेषितांनी यहुदी आणि ग्रीक संस्कृतींच्या संबंधांवर प्रवचन दिलं नाही. त्यांनी वाटप नीट लावलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातली पद्धत याहून अधिक ठाऊक असते, आणि बहुतेक वेळा तीच मोडलेली असते. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. त्यांचंही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेला) किंवा जकातदार यांच्यासारखा होवो. चार पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर ऐकणारी माणसं वाढत जातात. सगळी मेख त्या वाढीच्या वेगात आहे.

पहिली पायरी कशी हुकते? फार क्वचित कोणी ती मुद्दाम टाळतो. आधी एका मित्राचा सल्ला घेतला जातो, मग दुसऱ्याला 'प्रार्थनेसाठी' म्हणून सांगितलं जातं, मग घरी विषय निघतो. प्रत्यक्ष भेट होईतो पाच-सहा जणांनी मनात निकाल लावलेला असतो, आणि ज्याच्याविषयी हे सगळं चाललं त्याला ते कुठून तरी कळलेलं असतं. मग तो भेटीला येतो तो बचाव बांधूनच. दुसरी वाट लेखी मेसेजची. लिहिलेलं वाक्य पुढे धाडता येतं आणि सहा महिन्यांनी संदर्भ सोडून वाचून दाखवता येतं. शिवाय त्यात आवाज नसतो, त्यामुळे वाचणारा आपल्या भीतीचाच सूर त्यात भरतो. पहिली पायरी समोरासमोर बसूनच चढायची असते. भेटीत आधी घडलेली एकच गोष्ट सांगायची, तारखेसकट, आणि मग विचारायचं की तुझ्या बाजूने ते कसं घडलं. तीन जुन्या गोष्टी एकदम काढल्या की समोरचा त्यातली सर्वांत कच्ची गोष्ट धरून उत्तर देतो आणि उरलेल्या दोन हवेत विरतात.

दुसऱ्या पायरीवरच्या एक-दोघांविषयी मोठा गैरसमज आहे. आपल्या बाजूचे म्हणून त्यांना नेलं जातं. पण मत्तयाने इथे आधार घेतला आहे तो जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा, जिथे दोघा-तिघांच्या साक्षीवाचून आरोप टिकत नाही असा नियम आहे. तो नियम आरोपीच्या रक्षणासाठी होता. म्हणजे बरोबर नेलेली माणसं समोरच्यावर दबाव टाकायला नसतात. संभाषण कसं झालं, कोण काय म्हणालं, हे पुढे खरं सांगता यावं म्हणून ती असतात, आणि चूक माझीच असेल तर तेही त्यांनी मला सांगायचं असतं. म्हणून ज्यांच्यावर दोघांचाही विश्वास आहे अशी माणसं निवडावीत. तसं एकच माणूस मिळालं तर एकच पुरे.

या पद्धतीची एक हद्द मात्र ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण ती न पाळल्याने माणसं उद्ध्वस्त झाली आहेत. लैंगिक अत्याचार, मारहाण, मुलांची हानी, पैशाचा अपहार, अधिकाराच्या बळावर केलेली छळणूक या गोष्टी 'आधी एकांतात जा' या वाक्याखाली येत नाहीत. अत्याचार झालेल्या व्यक्तीला अत्याचार करणाऱ्याच्या खोलीत एकटीने पाठवणं हा या वचनाचा सरळसरळ दुरुपयोग आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल कोर्टकज्ज्यांविरुद्ध बोलतो तेव्हा तो संसारातल्या क्षुल्लक बाबींबद्दल बोलतो आणि तशी शब्दयोजनाही करतो. रोमन दिवाणी न्यायालयांत वरच्या पायरीवरच्या माणसाचं पारडं जड असे, खालच्याला वरच्यावर फिर्याद नेणंही अवघड होतं. तेव्हा त्या अध्यायातली बोचणी बहुधा धनवान भावांना आहे, जे गरीब भावाला कोर्टात ओढत होते. गुन्हा पोलिसांपासून लपवण्यासाठी तोच अध्याय वापरणं म्हणजे त्याला उलटा टांगणं. गुन्ह्याची खबर कायद्याला द्यायची, त्याच दिवशी. मंडळीची पद्धत त्यानंतर, आणि तीही दुखावलेल्या माणसाच्या संमतीने.

मग पौलाने अंत्युखियात पेत्राला चारचौघांत का सुनावलं? गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो: केफा (म्हणजे पेत्र) दोषी ठरला होता म्हणून मी तोंडावर त्याला आडवा आलो. प्रसंग पुन्हा जेवणाचाच. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आले तेव्हा तो मागे सरला, वेगळा राहू लागला. त्याच्यामागोमाग बाकीचे यहुदी सरले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. ही चूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पंगतीत झाली होती आणि तिने माणसं ओढून नेली होती. एकांतात मिटवली असती तर पंगतीबाहेर पडलेल्या परराष्ट्रीयांना आपण बरोबरीचे आहोत की नाही, हे कळलंच नसतं. म्हणून चूक जितक्या लोकांत झाली तितक्याच लोकांत दुरुस्त करावी, कमीही नाही आणि जास्तही नाही. अडचण अशी की आपल्यातल्या पुष्कळांना हा अध्याय आवडतो तो पहिली पायरी गाळायला मिळते म्हणून. सभेत पाळकाला धारेवर धरताना पौलाचं नाव घेणाऱ्याने स्वतःला एकच विचारावं, की ही गोष्ट सभेत घडली होती का. पेत्राने पौलाला काय उत्तर दिलं ते पत्रात नाही. पौल आपण जिंकल्याचंही सांगत नाही.

याच प्रश्नावर, म्हणजे परराष्ट्रीयांनी सुंता करून घ्यायची की नाही यावर, यरुशलेमेत इ. स. ४९ च्या सुमारास सभा भरली. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायातला तो वृत्तान्त मी कामकाजाच्या नोंदीसारखा वाचतो, आणि तसा वाचला की त्यातलं कसब दिसतं.

वाद पेटला अंत्युखियात, पण तो तिथे मतांनी मिटवायला कोणी गेलं नाही. त्याचं मूळ यहूदियातून आलेल्या शिक्षकांत होतं, म्हणून जिथून शिकवण आली तिथेच विचारायला माणसं पाठवली. पौल आणि बर्णबा हे एका बाजूचे होते, त्यांच्याबरोबर 'इतर काही' होते. पाचशे किलोमीटरांच्या घरातला तो प्रवास. यरुशलेमेत वादातलं पहिलं बोलणं विरुद्ध पक्षाचं झालं: मोशेचे नियम काटेकोर पाळणाऱ्या परूशी पंथातल्या विश्वासणाऱ्यांनी उभं राहून सुंता हवीच असं सांगितलं. त्यांना कोणी बसवलं नाही. त्यानंतर पुष्कळ वादविवाद झाला, असं लूक लिहितो, आणि या अध्यायातलं हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पेत्र बोलला तो पुष्कळ वादविवादानंतर. वजनदार माणूस आधी बोलला की सभा तिथेच संपते. मग उरलेले सगळे एक तर होकार देतात नाही तर बंडखोर ठरतात. पेत्राने आपण पाहिलेली एक घटना सांगितली आणि एक प्रश्न विचारला: जे जोखड आपल्या पूर्वजांना आणि आपल्याला पेलवलं नाही ते यांच्या मानेवर का ठेवता? लोक गप्प झाले. त्या शांततेत बर्णबा आणि पौल बोलले, आणि त्यांनी मतं न मांडता काय काय घडलं ते सांगितलं. सर्वांत शेवटी याकोब बोलला. ज्याच्या नावाचा आधार घेऊन विरुद्ध पक्ष उभा राहत होता, तोच हा माणूस. त्याने आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन त्या घटनेशेजारी ठेवलं आणि ठराव मांडला.

ठरावाची बांधणीही बघावी. मुख्य मागणी, सुंतेची, पूर्ण नाकारली. त्याच वेळी चार गोष्टी पाळायला सांगितल्या: मूर्तींना अर्पण केलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार यांपासून दूर राहायचं. त्यातल्या तीन थेट ताटातल्या आहेत. त्या पाळल्या की यहुदी विश्वासणारा परराष्ट्रीय भावाच्या घरी जेवायला बसू शकतो. हरलेल्या पक्षाला पुढेही त्याच पंगतीत जगायचं आहे, हे ठराव लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवलं होतं.

मग पत्र. त्यात आधी कबुली आहे: आमच्यातून काही जण गेले आणि त्यांनी तुम्हाला घोटाळ्यात टाकलं, पण आम्ही त्यांना तसं सांगितलं नव्हतं. कोणाचंही नाव घेऊन दोष दिलेला नाही. बर्णबा आणि पौल यांचा उल्लेख 'प्रिय' म्हणून आहे, म्हणजे त्यांच्याविषयी पसरलेला संशय लेखी पुसला आहे. पत्र पौलाच्या हाती देऊन मोकळे झाले असते तर अंत्युखियातल्या विरोधकांना म्हणता आलं असतं की यानेच लिहून आणलं. म्हणून यरुशलेमेतली दोन माणसं, यहूदा बर्सब्बा आणि सीला, बरोबर पाठवली आणि हेच हे तोंडीही सांगतील असं पत्रात लिहिलं. ती दोघं पत्र वाचून निघून गेली नाहीत. काही काळ तिथे राहिली, लोकांना धीर दिला आणि मग शांतीने परतली. आजचे निर्णय फुटतात ते बहुधा इथे. सभा उत्तम होते, ठराव चांगला होतो, आणि मग तो दोन ओळींत ग्रुपवर टाकला जातो. ज्यांना तो बोचणार आहे त्यांच्या घरी जाऊन बसायला कोणी नसतं.

एवढं करूनही प्रश्न मिटला का? मूर्तींना अर्पण केलेल्या मांसाचा प्रश्न पुढे करिंथात पुन्हा उभा राहिला आणि पौलाने तिथे यरुशलेमेचा ठराव दाखवून तो मिटवला नाही. पहिल्या करिंथकरांस पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय बघा: बाजारात विकतं ते न विचारता खा. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं न विचारता खा. पण पंगतीत कोणी म्हणालं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका, सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकाखातर. मांस तेच, तत्त्व तेच. शेजारी बसलेला माणूस बदलला की वागणं बदलतं. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो आणखी बारीक चिरतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. दोन पक्षांना दोन वेगळी पथ्यं. मोकळ्या मनाच्या माणसाला तुच्छतेचा मोह होतो, काटेकोर माणसाला न्याय करण्याचा. आपल्या सभांमध्ये दोघांनाही एकच उपदेश केला जातो, 'एकमेकांवर प्रीती करा', आणि म्हणून तो दोघांनाही लागू पडत नाही.

कोणता मतभेद कोणत्या जातीचा, हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात असं मला वाटतं. यात सुवार्तेचंच काही हरवतं का, सुंतेच्या प्रश्नात हरवलं असतं तसं? नसेल, तर यात कोणाचं नुकसान होतं का, विधवांचं झालं तसं? तेही नसेल, तर दोन्ही रीती एका मंडळीत नांदू शकतात का? संगीत, उपासनेची वेळ, प्रभुभोजनाच्या प्याल्याची रीत, यांवरचे बहुतेक वाद तिसऱ्या प्रश्नाचे असतात, पण मांडले जातात पहिल्याचे म्हणून. दुसऱ्या प्रश्नाचे वाद उलट तिसऱ्याचे म्हणून दडपले जातात, 'जाऊ द्या, लहानशी गोष्ट आहे' म्हणत.

रीतींच्या मतभेदाचा सर्वांत लांबलेला जुना दाखला पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, तारखेचा. रोमन आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या तो यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या चौदाव्या दिवसाला धरून पाळत, वार कोणताही येवो. रोम आणि इतर पुष्कळ मंडळ्या रविवारच धरत. स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प इ. स. १५५ च्या सुमारास रोमला तिथला बिशप अनिसेटस याच्याकडे गेला. बोलणी झाली, आणि दोघांपैकी कोणीही आपली रीत सोडली नाही. पॉलिकार्प म्हणे, आम्ही हे येशूचा शिष्य योहान याच्याबरोबर पाळत आलो. अनिसेटस म्हणे, मला माझ्या आधीच्या वडिलांची रीत धरली पाहिजे. पुढे अनिसेटसने आपल्याच मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला, आणि दोघं शांतीने वेगळे झाले. सुमारे पस्तीस-चाळीस वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याच कारणावरून आशियातल्या मंडळ्यांना सहभागितेतून तोडायला निघाला. त्याला आवरणारं पत्र लिहिलं लियॉनच्या आयरेनियसने. हा आयरेनियस स्वतः रविवार पाळणारा, म्हणजे तारखेच्या मुद्द्यावर व्हिक्टरच्याच बाजूचा. त्याने पॉलिकार्प आणि अनिसेटसची आठवण दिली आणि लिहिलं की सणाआधीच्या उपवासातला फरक विश्वासातली एकी पक्कीच करतो. इतिहासकार युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासाच्या पाचव्या पुस्तकात हे जपून ठेवलं आहे. ताणलेल्या वादात सर्वांत जास्त उपयोग याच माणसाचा होतो: ज्याचं मत तुमच्याशी जुळतं, पण जो तुम्हाला दुसऱ्याला तोडू देत नाही. विरुद्ध बाजूच्या माणसाने 'सबुरीने घ्या' म्हटलं तर तो आपला जीव वाचवतोय असंच वाटतं.

घाईने काय होतं ते इफिससला इ. स. ४३१ मध्ये दिसलं. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने २२ जूनला बिशपांची सभा सुरू केली. अंत्युखियाचा योहान आणि त्याच्याबरोबरचे बिशप अजून वाटेत होते, आणि थांबा म्हणून लेखी सांगणारे शहरात हजर होते. ज्याच्या शिकवणीवर वाद होता त्या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशप नेस्टोरियसला पहिल्याच दिवशी पदच्युत केलं गेलं. चार दिवसांनी योहान पोहोचला, त्याने वेगळी सभा भरवली आणि सिरिललाच पदच्युत ठरवलं. सिरिल आणि योहान यांच्यात समेटाचा मसुदा व्हायला ४३३ उजाडलं. चार दिवस वाचवले आणि दोन वर्षं गेली. जखमा तर त्याहून कितीतरी अधिक काळ राहिल्या.

कार्थेजची इ. स. ४११ मधली परिषद मात्र मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे रीतीत फारशी उणीव नव्हती. उत्तर आफ्रिकेतल्या मंडळीतून फुटून निघालेला डोनाटस पक्ष आणि कॅथलिक यांच्यात शंभर वर्षांची फूट होती. दोन्ही बाजूंचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप शहरात जमले. दोन्ही बाजूंना सारखीच माणसं: बोलणारे सात, सल्ला देणारे सात, नोंदींवर नजर ठेवणारे चार. लघुलेखक शब्दन् शब्द उतरवत, आणि बोलणारा आपलं बोलणं तपासून सही करत असे. कॅथलिकांनी आधीच लिहून दिलं होतं की आम्ही हरलो तर पदं सोडू आणि जिंकलो तर तुमच्या बिशपांबरोबर मान वाटून घेऊ. डोनाटस पक्षाने दुर्जनांबरोबर बसणार नाही म्हटलं, तेव्हा अध्यक्ष मार्सेलिनसही उभा राहिला. एवढी काटेकोर तयारी क्वचितच कोणत्या वादाच्या वाट्याला येते. पण मार्सेलिनस सम्राटाचा अधिकारी होता. निकाल लागला, आणि ४१२ मध्ये फर्मान निघालं: हरलेल्यांना त्यांच्या दर्जाप्रमाणे दंड, इमारती जप्त. ज्या सभेच्या दाराबाहेर दंड उभा आहे तिच्यात कोणी मन बदलत नाही, तिथे फक्त माघार घेतली जाते. डोनाटस पक्ष फर्मानाने संपला नाही. आजच्या मंडळीजवळ सम्राट नसतो, पण घर, नोकरी, शाळेतला प्रवेश, दफनभूमीतली जागा अशा गोष्टींच्या किल्ल्या असतात. मतभेद चर्चेला घेण्याआधी त्या किल्ल्या टेबलावरून उचलल्या पाहिजेत. सभा सुरू होण्यापूर्वीच सांगावं, लेखी सांगावं, की मतामुळे कोणाचं काही जाणार नाही.

काही चांगल्या रीतीही रुजल्या आहेत. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातली मंडळी सतराव्या शतकापासून मतदानाशिवाय निर्णय घेतात. सभेचा लेखनिक चर्चेतून काय निघालं ते तिथल्या तिथे लिहितो आणि मोठ्याने वाचतो. पटलं नाही तर ओळ बदलते, पुन्हा वाचली जाते. घरी गेल्यावर इतिवृत्त लिहिण्याने निम्मे वाद जन्मतात, कारण लिहिणाऱ्याच्या स्मरणात त्याची बाजू जरा उजळच असते. जागतिक चर्च परिषदेने २००६ च्या पोर्तो अलेग्रेच्या महासभेत बहुमताऐवजी सहमतीची पद्धत आणली. त्यात प्रत्येकाजवळ दोन कार्डं असतात, नारिंगी आणि निळं. मुद्दा पटतोय तर नारिंगी, पटत नाही तर निळं. अध्यक्षाला बोलणाऱ्यांपलीकडची, गप्प बसलेली सभा दिसते. ज्यांना निर्णय पटला नाही पण अडवायचाही नाही, त्यांचं म्हणणं नोंदवून पुढे जाता येतं. लहान मंडळीतही हे सहज करता येईल, फक्त एक भान हवं: निळं कार्ड दाखवणाऱ्याला आधी बोलू द्यायचं.

लुथरन आणि कॅथलिक यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गला सही केलेल्या संयुक्त घोषणेची घडणही शिकण्यासारखी आहे. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या सिद्धान्तातले सात वादाचे मुद्दे घेतले. प्रत्येकात पहिला परिच्छेद 'आम्ही मिळून कबूल करतो' असा, नंतर एका परंपरेने आपला वेगळा भर आपल्या शब्दांत सांगितला, मग दुसरीने. सोळाव्या शतकातले एकमेकांवरचे निषेध अशा प्रकारे मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. फरक राहिले, ते लिहून ठेवले गेले. दोन गट भांडत असतील तर कागदाचे असेच तीन भाग करावेत. पहिला भाग भरायला बसलं की बहुधा तोच सर्वांत लांब होतो. दुसऱ्याची बाजू लिहिताना मात्र ती त्यालाच लिहू द्यावी.

शिस्त लावल्यानंतर ती संपवायची कधी, हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारत नाही. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की चुकलेल्या एका माणसाला बहुमताने झाली ती शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. मंडळ्या माणसाला सेवेतून दूर करतात आणि तारीख लिहीत नाहीत. तो मागच्या बाकावर येतो, मग एक दिवस येत नाही. सेवेतून थांबवण्याच्या प्रत्येक ठरावात पुन्हा भेटण्याचा दिवस असावा आणि कोण भेटणार ते नाव असावं.

पौल स्वतः दर वेळी समेट करू शकला नाही. पंफुल्यातून योहान मार्क अर्ध्यावर परतला होता. त्याला पुन्हा न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. लूकने ते झाकलं नाही, आणि कोण बरोबर होतं तेही सांगितलं नाही. कधी कधी दोन तारवं करावी लागतात. नंतरच्या पत्रांतून मार्कचं नाव पुन्हा पौलाच्या माणसांत येतं, आणि या फाटाफुटीवरून बर्णबाविषयी पौलाने वाईट लिहिलेलं कुठे सापडत नाही.

फिलिप्पै शहरातली मंडळी पौलाची लाडकी. तिला लिहिलेल्या पत्राच्या शेवटाकडे दोन स्त्रियांची नावं येतात. मी युवदीयेला विनंती करतो, आणि सुंतुखेला विनंती करतो, प्रभूमध्ये एकचित्त व्हा. क्रियापद एकदाच वापरून भागलं असतं, पण त्याने ते दोनदा लिहिलं, प्रत्येकीला तिची स्वतंत्र विनंती. मग एका सोबत्याला सांगितलं की या दोघींना मदत कर, कारण सुवार्तेच्या कामात या माझ्याबरोबर झटल्या आहेत. भांडण कशावरून होतं याचा एक शब्दही नाही. ही पत्रं मंडळीत मोठ्याने वाचली जात. वाचणारा त्या ओळीपाशी आला तेव्हा त्या दोघी बहुधा समोरच बसल्या असतील, आणि त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत हे वाक्य सगळ्यांच्या आधी त्यांच्याच कानांवर पडलं असेल.